धाणी फुटते म्हणजे नेमकं काय होतं? (आणि गणंग का राहतात?)

कोजागिरी

मंडळी, होळी आठ दिवसांवर आली. बडोद्यात होळी म्हणजे धाणी, खजूर आणि चणे. आमच्या मराठी घरांत पुरणपोळी होतेच, पण संध्याकाळी होळीला प्रदक्षिणा घालायला निघताना हातात धाणीची पुडी हवीच. दांडिया बाजारात आमच्या तीन पिढ्या गेल्या, त्यामुळे आता हे आमचंच झालंय. पुण्याच्या वाचकांसाठी: धाणी म्हणजे ज्वारीच्या लाह्या. मक्याची केली की मकाईची धाणी.

प्रश्न लेकीमुळे निघाला. ती सातवीत आहे. काल मक्याच्या लाह्या करायला घेतल्या. गेल्या उन्हाळ्यात आणलेले दाणे स्टीलच्या डब्यात माळ्यावर होते, ते टाकले. निम्मे फुटले, निम्मे तळाशी तसेच राहिले. माझी आजी अशा न फुललेल्या दाण्यांना गणंग म्हणायची. जाऊबाईंनी परवाच नवीन पुडा आणला होता. तेच पातेलं, तेच तेल, तोच गॅस, आणि त्यातले दाणे टाकले तर झाकण वर उचललं गेलं.

लेकीने दोन्ही दाणे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. रंग तोच, आकार तोच, कुठे कीड नाही. म्हणाली, "आई, यातलं शिळं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मी वाणिज्य शाखेची. "जुने झाले की फुटत नाहीत" एवढंच सांगितलं आणि ते उत्तर नाही हे तिलाही कळलं, मलाही. कोणी नीट समजावेल का? तिला वाचून दाखवणार आहे.

शेवंती

पाणी गेलं त्यातलं. मी दरवर्षी ज्वारीच्या लाह्या घरी करते. ज्वारी कोरडी टाकली तर निम्मी जळते. आधी गरम पाण्यात घालायची, उपसायची, फडक्यात बांधून ठेवायची, मग सावलीत वरून कोरडी करायची. सासूबाईंनी शिकवलं तसं करते. का ते मलाही ऐकायचंय.

रावपुरा_रोड

माझ्या मते आतली हवा तापून फुगते. फुगा उन्हात ठेवला की फुटतो, तसंच. जुन्या दाण्याला बारीक भेगा पडत असतील, त्यातून हवा निघून जाते.

बॉयलरकाका

कोजागिरीताई, लेकीला माझा आशीर्वाद सांगा. प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे. माझी सगळी नोकरी वाफेत गेली, कारखान्यात बॉयलर सांभाळले, म्हणून हा विषय मला माझ्या घरचा वाटतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी रावपुरांच्या हवेचा हिशोब करू. ३० अंशांची कोंडलेली हवा १८० अंशांपर्यंत तापवली तर तिचा दाब किती वाढतो? दीडपट. बस्स. दीडपट दाबाने मक्याचं साल फाटणार नाही.

आता पाण्याचं बघा. चांगल्या दाण्यात वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी असतं. हाताला ते लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण गरात सगळीकडे मुरलेलं असतं. हे पाणी बंद जागेत तापलं की दाब कसा चढतो ते आम्ही वाफेच्या कोष्टकात बघायचो. आजही पाठ आहे:

१०० अंशांना १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच.
१२० ला २ बार. हा तुमचा कुकर, शिट्टी देताना.
१५० ला पावणेपाच.
१७० ला जवळजवळ ८.
१८० ला १०.

दाबाची चढण बघा. शेवटच्या दहा अंशांत दोन बार वाढतात. मक्याचा दाणा हा एक इवलासा बॉयलर आहे: बाहेरचं कडक, चकचकीत साल म्हणजे बॉयलरचा पत्रा, आतलं पाणी म्हणजे भरलेलं पाणी, आणि सुरक्षा झडप नाही. कुकरच्या पाचपट दाब होईपर्यंत साल धरून ठेवतं आणि मग एका जागी फाटतं.

फ्रान्समधल्या एमॅन्युएल विरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या दोघांनी २०१५ मध्ये हे नीट मोजून छापलं. भट्टीचं तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. १७० अंशांना ३४ टक्के दाणे फुटले होते, १८० ला ९६ टक्के. मी हे वाचलं तेव्हा उठून जुनं कोष्टक काढलं. ८ बारला तिसरा हिस्सा, १० बारला जवळजवळ सगळे. बॉयलरचा पत्रा तपासताना आम्ही जसं म्हणायचो की अमुक दाबाला हा सोडणार, तसंच मक्याचं साल दहाच्या आसपास सोडतं.

आणखी एक. दाणा लहान असो की मोठा, तापमान फारसं बदलत नाही. गोल भांड्याच्या पत्र्यावरचा ताण दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी या प्रमाणात असतो. मोठ्या दाण्याची त्रिज्या मोठी, पण त्याचं सालही त्या मानाने जाड. हिशोब तिथेच येतो.

कोजागिरी

काका, वाचून दाखवलं. "झडप नाही" या वाक्यावर लेक दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "पण टोक आहे ना?" दाण्याचं ते टोकदार नाक, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो, ते तिने दाखवलं. तिथून वाफ जात नाही का?

पंचमहाल

तिचं बरोबर आहे. मी दाहोदच्या बाजूला शेतीच्या कामात आहे. इकडे मका हेच मुख्य पीक, रोटलाही त्याचाच. टोक हाच दाण्याचा कच्चा भाग. कणीस वाढत असताना अन्नपाणी तिथूनच आत जातं. मंद आचेवर दाणे खूप वेळ तापत ठेवले की वाफ तिथून हळूहळू झिरपून जाते, दाब चढतच नाही, दाणा नुसता तपकिरी होतो. उलट आच फार प्रखर असेल तर साल फाटण्याइतकी वाफ बाहेरच्या थरात होते, पण मधला गर अजून कच्चा असतो. लाही होते, पण मधोमध कडक गाठ राहते.

आणि साधा मका का फुटत नाही हेही यातच आलं. आपण पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ लावून खातो त्या मकाईचे दाणे वाळवून कढईत टाका. तडतडतील, एखादा उकलेल, लाही होणार नाही. साल पातळ आणि भोकांचं, वाफ धरत नाही. शिवाय आतला गर मऊ, पिठाळ. लाह्यांच्या मक्याचा गर बहुतांशी काचेसारखा कडक असतो, पिष्टाचे (स्टार्चचे) कण एकमेकांना घट्ट चिकटलेले. जातच वेगळी.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या मंडळींनी लाह्यांच्या मक्याची सालं तपासली होती. ज्या वाणांच्या सालातलं सेल्युलोज तापल्यावर जास्त सुबक, स्फटिकासारखं रचलं जातं, ती सालं ओल जास्त चांगली कोंडतात आणि गणंग कमी राहतात. म्हणजे सगळा दोष डब्याचा नाही, बियाण्याचाही असतो.

सईसंध्या

पुण्याहून वाचतेय. साल फाटलं, वाफ सुटली हे कळलं. पण पिवळ्या खड्यासारख्या दाण्याचं पांढरं फूल कसं होतं? नुसतं फाटलं असतं तर दोन तुकडे व्हायला हवे होते.

अणुरेणू

सईताई, मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दाबाचा धडा याच्यापासून सुरू करतो.

आतला गर म्हणजे मुख्यतः पिष्ट. पिष्ट, पाणी आणि उष्णता एकत्र आली की काय होतं ते तांदळाची खळ करताना बघितलंय: पांढरं पाणी एकदम दाट, चिकट, अर्धपारदर्शक होतं. दाण्याच्या आत साल फाटण्याआधी तेच झालेलं असतं. १८० अंशांना आत कडक खडा उरलेला नसतो, तापलेली दाट खळ असते आणि तिच्यात १० बार दाबाखालचं पाणी मुरलेलं असतं.

साल फाटलं की बाहेरचा दाब एकदम १ बारवर येतो. खळीत ठिकठिकाणी असलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होतं आणि प्रत्येक ठिकाणी एक बुडबुडा फुगतो. असे असंख्य बुडबुडे एकमेकांना रेटत वाढतात. वाफ प्रसरण पावताना थंड होते, पाणीही उडून जातं, आणि खळीचे पापुद्रे आहेत त्या जागी ताठ होतात. लाही म्हणजे गोठलेला फेस. भिंगातून बघाल तर पातळ भिंतींचे कोनाकोनाचे बुडबुडे दिसतील, साबणाच्या फेसासारखे.

हिशोबही करून बघा. दाणा साधारण ०.१५ ग्रॅमचा, त्यात पाणी सुमारे ०.०२ ग्रॅम, म्हणजे अर्धा थेंबसुद्धा नाही. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना साधारण १,६७० मिलिलिटर वाफ होते. तेव्हा या अर्ध्या थेंबाची तेहेतीस मिलिलिटर, जवळपास सात चहाचे चमचे. सगळीच वाफ लाहीत अडकत नाही, पुष्कळशी सुटून जाते. अडकते तेवढ्यानेच लाहीचं आकारमान दाण्याच्या तीस-चाळीस पट होतं.

बाहेरचा दाब अजून कमी केला तर? तेही करून पाहिलेलं आहे. भांड्यातली हवा पंपाने ओढून घेऊन दाणे फोडले तर लाह्या आणखी मोठ्या होतात आणि गणंग कमी राहतात. आतला जोर तोच, अडवणारा बाहेरचा हात सैल.

रावपुरा_रोड

हवेचं मागे घेतो, दीडपटीचा हिशोब पटला. पण आवाज? "फट्ट" होतं ते साल तडकण्याचंच ना? आणि दाणा उडतो तो स्फोटाच्या धक्क्याने?

अणुरेणू

दोन्हीला उत्तर "नाही" आहे, आणि हे कळलं तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं होतं.

बॉयलरकाकांनी सांगितलेल्या त्याच दोघांनी सेकंदाला २,९०० चित्रं घेणारा कॅमेरा लावला आणि सोबत आवाजही टिपला. साल पहिल्यांदा तडकतं तेव्हा "फट्ट" ऐकू येत नाही. जमिनीवर आपटण्याचाही तो आवाज नाही. आत कोंडलेली वाफ एकदम मोकळी होते आणि आतल्या पोकळीला घुमवते, त्याचा तो आवाज. बाटलीचं बूच ओढल्यावर येतो त्या जातीचा.

उडण्याचं तर आणखी छान आहे. साल फाटलं की गराचा एक भाग आधी बाहेर येतो, खुंटासारखा, पायच म्हणा. तो तळाला टेकतो, दाबला जातो आणि उसळून दाण्याला वर ढकलतो. दाणा हवेत कोलांटी घेतो आणि वरच फुलतो. वाफेचा झोत त्याला अग्निबाणासारखा उडवत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण मुख्य काम हा पाय करतो.

अक्षर

थोडं शब्दांबद्दल, कारण हा विषय मक्यापेक्षा पुष्कळ जुना आहे.

मका अमेरिका खंडातला. पेरूच्या किनाऱ्यावर सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची कणसं सापडली आहेत आणि तेव्हाची माणसंही लाह्या करत होती असं त्यावरून दिसतं. आपल्याकडे मका कोलंबसानंतर आला. आपल्या लाह्या त्याच्या कितीतरी आधीच्या, साळीच्या आणि ज्वारीच्या. लाही हा शब्द संस्कृत लाजा वरून. लग्नातला लाजाहोम आठवा: वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो आणि त्या अग्नीत जातात. गुजरातीतली धाणी येते धाना या शब्दावरून. भाजलेलं धान्य या अर्थाने तो थेट ऋग्वेदात आहे. बडोद्याच्या मराठी घरात लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे आणि होळीला धाणी असं दोन्ही नांदतं, मला ते फार आवडतं.

आणि अंगाची लाही लाही होते म्हणतो ते किती नेमकं आहे! बाहेरून ताप आणि आत कोंडलेलं सगळं फुटायच्या बेतात.

शेवंती

वा अक्षर. आता माझा प्रश्न. ममरा, म्हणजे कुरमुराही फुगतो. आपला सेव-ममरा. त्याला तर साल नसतं, मग दाब कोण धरतं?

पंचमहाल

शेवंतीताई, ममऱ्याचं तंत्र वेगळं. साळ आधी उकडून वाळवलेली असते, म्हणजे पिष्टाची खळ होऊन ती पुन्हा काचेसारखी कडक झालेली. मग तांदूळ मीठपाणी लावून तापलेल्या वाळूत टाकतात. उष्णता इतक्या झपाट्याने आत जाते की पाण्याला हळूच निघून जायला वेळच मिळत नाही. सालाचं काम तिथे वेग करतो. म्हणून ममऱ्याला "फट्ट" नाही, नुसती सळसळ.

साळीच्या लाह्या मात्र तुसासकट भाजतात आणि तिथे तूस दाण्याला आवळून धरतं.

कोजागिरी

आज लेकीला घेऊन मांडवीच्या बाजूला भडभुंज्याकडे गेले. होळीच्या आधी त्याच्याकडे रांग असते. इतकी वर्षं पुडी घेऊन परत यायचे, आज पहिल्यांदा अर्धा तास उभी राहून बघितलं.

मोठी लोखंडी कढई, खाली धगधगती भट्टी, कढईत काळी पडलेली बारीक वाळू. बाजूला पोत्यावर ओलसर ज्वारी पसरलेली. शेवंतीताई, अगदी तुमच्या सासूबाईंसारखी, आदल्या रात्री भिजवून वरून कोरडी केलेली. लेकीने विचारलं तर ते काका म्हणाले, "पाणी पिल्याशिवाय दाणा हसत नाही, बेटा." एक ओंजळ वाळूत टाकली. एक, दोन, तीन मोजेपर्यंत काहीच नाही. मग एक दाणा उडाला, मग चार, आणि मग लाह्या फुटल्यासारखं बोलणं म्हणतात ते काय असतं ते कानांनी ऐकलं. काळ्या वाळूतून पांढरं वर आलं. झाऱ्याने उचलून चाळणीत, वाळू खाली, धाणी वर. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही.

वाळू का, हे तिथे उभं राहून कळलं. दाणा वाळूत बुडतो, उष्णता सगळ्या बाजूंनी एकदम लागते. आपल्या पातेल्यात ते काम तेल करतं ना?

बॉयलरकाका

अगदी तेच, ताई. कोरड्या तळाला दाणा एका बिंदूवर टेकतो. तेल त्याला लपेटतं. म्हणून तेल नाहीतर तूप. लोणी नको: त्यात पाणी असतं आणि दुधाचा अंश १८० च्या आधीच करपतो.

आता घरच्या पातेल्याची कृती, कारणासकट. तेलात आधी तीन दाणे टाका. ते तुमचं तापमापक. तिन्ही फुटले की तेल तयार. मग बाकीचे दाणे टाकून पातेलं गॅसवरून अर्धा मिनिट खाली घ्या. सगळे दाणे फुटण्याच्या जरा अलीकडे एका पातळीवर येतात. पुन्हा गॅसवर ठेवलं की जवळजवळ एकदमच फुटतात, कोणी मागे राहून वाफ गमावत नाही. आणि झाकण किंचित तिरकं ठेवा. दर लाहीतून वाफ सुटतेय, ती आतच राहिली तर कुरकुरीत लाही चिवट होते.

तुमच्या जुन्या दाण्यांसाठी: काचेच्या बरणीत घाला, तीन वाट्या दाण्यांना एक मोठा चमचा पाणी, घट्ट झाकण, हलवा. दिवसातून दोनदा हलवत तीन दिवस ठेवा. पाणी आत मुरेल. जास्त घालू नका, साल मऊ पडलं की तेही लवकर फाटतं, आणि दाब चढण्याआधी फाटलं तर लाही बारीक आणि दडदडीत होते. बडोद्याच्या मे महिन्यात माळ्यावरचा डबा म्हणजे सुकवणीची भट्टी. दाणे माळ्यावर ठेवूच नका.

छोटीची_आई

एक काळजीची गोष्ट. चार वर्षांखालच्या मुलांना मक्याच्या लाह्या देऊ नका. सालाचा तुकडा किंवा गणंग घशात, श्वासनलिकेत अडकतो. होळीच्या गर्दीत हातात पुडी दिली जाते, लक्ष राहत नाही.

कोजागिरी

हे महत्त्वाचं लिहिलंत, आभार.

मंडळी, होळी झाली. हा आमच्या घरच्या प्रयोगाचा वृत्तांत. मोजणी सगळी लेकीची, मी फक्त गॅसपाशी.

आधी वजन. नव्या पुड्यातले १०० ग्रॅम दाणे तेलाशिवाय, जाड बुडाच्या कढईत फोडले. लाह्या, गणंग, सालं, सगळं परत वजनकाट्यावर ठेवलं: ८९ ग्रॅम. आठ-दहा वेळा काटा शून्य करून बघितला. "आई, अकरा ग्रॅम वाफ उडाली" म्हणाली आणि खिडकीच्या काचेवर जमलेलं धुकं दाखवलं.

मग टोक. वीस दाण्यांच्या टोकाशी तिने सुईने भोक पाडलं. साल इतकं कडक की दोन सुया वाकल्या. ते वीस दाणे वेगळे टाकले. एकच अर्धवट फुटला. बाकीच्यांनी आवाज केला तो फक्त बारीक "स्स्स", कुकरची शिट्टी नीट बसली नसली की येतो तसा. कान कढईपाशी नेला तर ऐकू येत होता. ती तिची झडप.

शेवटी जुने दाणे. काकांनी सांगितलं तसं पाणी घालून बरणी तीन दिवस ओट्यावर. होळीच्या संध्याकाळी मोजून शंभर टाकले, तीन दाण्यांचा तापमापक, अर्धा मिनिट खाली, सगळं तसंच. गणंग राहिले चौदा. आधी निम्मे होते.

ते चौदा तिने टाकू दिले नाहीत. एकेकाचं टोक भिंगाखाली बघतेय.

बॉयलरकाका

चौदा म्हणजे उत्तम. झाकण तिरकं होतं ना?

कोजागिरी

हो काका. तिनेच धरलं होतं.